भुशाचं कपाट

घ्यावं की नाही, विचारतेस, विब्के.
तुझ्या बापाला विचारू नकोस.
बत्तीस वर्षं गोदीत कप्तानांच्या खोल्यांना ओकची कपाटं केली त्यानं;
मी एकोणपन्नास युरोंचं घेतलं म्हटल्यावर फोनवर आधी गप्पच,
मग: भुसा आहे तो, हाइल्के. भुसा, गोंद, आणि वर लाकडाचा फोटो.
पैसे जास्त झाले असतील तर वेझरमध्ये टाक,
निदान बुडताना दिसतील.

नावडतीचं मीठ अळणी.

तो आजोबांचं कपाट देत होता मला. फुकट.
पाहून आले. दारावर कोरलेली गव्हाची ओंबी,
आत अजून डांबरगोळ्यांचा वास,
आणि उचलायला चार पुरुष.
तशाच एका कपाटाभोवती मी एकतीस वर्षं संसार केला.
गेर्डच्या आईचं. ते हलणार नाही म्हणून पलंग हलला नाही,
पलंग हलला नाही म्हणून ती एक खिडकी कधी पुरती उघडली नाही,
आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायला शिकले.

हे दोन सपाट खोक्यांत आलं.
एकेक करून मीच चढवली तिसऱ्या मजल्यावर,
प्रत्येक वळणावर टेकत.
खालच्या येन्सनबाई दार किलकिलं करून म्हणाल्या,
राहायला येताय की चाललात?
मला पटकन सांगता येईना.

सोबतच्या पुस्तिकेत एक अक्षर नाही.
नुसता एक गोलमटोल माणूस. एकटा असला की रडवेला, त्यावर फुली.
शेजारी दुसरा आला की दोघं हसतात.
रात्री साडेनऊला मी त्या फुलीतच बसले होते,
जमिनीवर, त्रेचाळीस स्क्रू बशीत मोजून,
अंगठ्याला फोड येईतो ती वाकडी चावी फिरवत.
पाठीचा पुठ्ठा उलटा ठोकला. सगळे खिळे उपसले, पुन्हा ठोकले.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं: उजवं दार केसभर खाली,
आजही आहे.
बारा वाजता माझे सहा हँगर एका बाजूला अडकवले.
दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मुद्दाम.
बराच वेळ ती रिकामी बाजू बघत बसले.

आता खरं सांगते.
पुस्तकांसाठी घेऊ नकोस, फळी मधे झुकते
म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखी.
पलंग तर नकोच.
पाय ओले होऊ देऊ नकोस त्याचे; माझ्याकडून लादी पुसताना झाले,
डावा कोपरा दुधात बुडवलेल्या पावासारखा फुगलाय.
आणि दुकानात कुणी सांगत नाही ते हे:
ते एकदाच जुळतं.
खोलून दुसऱ्या घरी नेलंस की स्क्रू त्याच भोकात
गरागरा फिरत राहतो, धरत नाही.

मी नेलं. गेल्या मार्चमध्ये, बंदराजवळच्या या घरी.
तीन दिवस फळ्या भिंतीला टेकून उभ्या,
कपडे खुर्चीवर.
चौथ्या दिवशी तुझा बाप आला, न कळवता, बर्फाळ पावसातून,
खिशात काड्यापेटी आणि गोंदाची बाटली.
प्रत्येक भोकात गुल मोडलेल्या दोन काड्या, गोंदाचा थेंब,
मग स्क्रू. भुसा हा शब्द एकदाही नाही.
जीभ दातांत धरून, कप्तान दारात उभा असल्यासारखा.
उजवं दार सरळ करायला निघाला, तेवढं मी नको म्हटलं.

काम आटोपल्यावर ओला कोट हातात घेऊन
खोलीच्या मधोमध उभा.
कुठे ठेवू, म्हणाला.
मी रिकामी बाजू उघडून दिली.

तर घे. लहानसं घे, एकटीला उचलेल असं.
काड्या मी पाठवते.